ओमसवाद आणि 'कचरा' : थट्टेतल्या अवहेलनेचा इतिहास

५ जून २०२३ रोजी, जागतिक पर्यावरणदिनाच्या निमित्ताने, घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या झोमॅटो या कंपनीने एक जाहिरात-चित्रफीत प्रसृत केली. प्लास्टिकच्या कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया करून त्यापासून उपयोगी वस्तू तयार होतात, हे तिला सांगावयाचे होते. त्यासाठी तिने 'लगान' (२००१) या आशुतोष गोवारीकर दिग्दर्शित हिंदी चित्रपटातील 'कचरा' नावाचे पात्र आणि ते वठविणारे आदित्य लाखिया हे नट निवडले. हा नट जाहिरातीत कधी दिवा, कधी मेज, कधी हात पुसावयाचे फडके, तर कधी झाडांना पाणी घालण्याची झारी होऊन उभा राहतो, आणि ही वस्तू किती किलो कचऱ्यापासून झाली ते पडद्यावर लिहून येते. 'लगान'मधील कचरा हा अस्पृश्य आहे. १८९३ सालच्या एका काल्पनिक चंपानेर गावाच्या वेशीबाहेरचा आहे. म्हणजे अस्पृश्य माणूस ही वस्तू, आणि तिचे नाव कचरा, असे समीकरण काही सेकंदांत सिद्ध झाले. निषेध झाला. चित्रपट-दिग्दर्शक नीरज घायवान यांच्यासारख्यांनी जाहीर हरकत घेतली, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने कंपनीला नोटीस धाडली, आणि तीन-चार दिवसांत चित्रफीत मागे घेतली गेली. विनोदी पद्धतीने जागृती करण्याचा आमचा हेतू होता, कोणाला दुखविण्याचा नव्हता, अशा आशयाचा खुलासा कंपनीने केला.

हा खुलासा वाचताना विनयपिटकाच्या कोणत्याही अभ्यासकाला एक शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. तो शब्द म्हणजे 'दवकम्यता', अर्थात थट्टेची हौस. हेतू दुखविण्याचा नव्हता, केवळ गंमत करावयाची होती, हे समर्थन नवे नाही. भिक्खुसंघात ते दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मांडले गेले असले पाहिजे. तसे नसते तर सुत्तविभंगाने त्यासाठी आपत्तीचा एक स्वतंत्र वर्गच निर्माण केला नसता. प्रस्तुत लेखात त्या नियमाचा परिचय करून देऊन, त्याच्या प्रकाशात रंगभूमी, वृत्तपत्रे आणि जाहिराती यांनी घडविलेल्या काही साचेबंद प्रतिमांकडे पाहावयाचे आहे.

पाचित्तिय नियमांपैकी दुसरा नियम 'ओमसवाद' म्हणजे मर्मी लागेल असे टाकून बोलणे यासंबंधीचा आहे. निदानकथा सावत्थीची. छब्बग्गिय भिक्खू सुशील भिक्खूंशी भांडताना त्यांना दहा गोष्टींवरून हिणवीत : जाती, नाव, गोत्र, कर्म, शिल्प, आबाध म्हणजे व्याधी, लिंग म्हणजे शरीराची ठेवण, क्लेश, आपत्ती आणि शिवी. तक्रार भगवंतांपर्यंत गेली. त्यांनी नियम घालून दिला आणि त्याआधी तक्कसिलेच्या नंदिविसाल बैलाची गोष्ट सांगितली. शंभर गाड्या ओढण्याची पैज लागलेली असताना मालक ब्राह्मणाने ऐन वेळी बैलाला हिणकस शब्दाने हाक मारली, आणि बैल जागचा हलला नाही. पैज बुडाली. पुढे मालकाने शब्द बदलला, तेव्हा त्याच बैलाने त्याच गाड्या ओढल्या. ही कथा जातकातही आहे, पण तिचे खरे स्थान मला येथेच वाटते. अपमान केवळ माणसालाच कळतो असे नाही, इतके मूलभूत विधान एका शिक्षापदाच्या प्रस्तावनेत यावे, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

कथेपेक्षाही त्यानंतर येणारे पदभाजनीय, म्हणजे शब्दशः विवरण, अधिक महत्त्वाचे आहे. सामान्य वाचक ते कंटाळून सोडून देतो, आणि आमचे बरेचसे विद्यार्थीही. एकाच साच्याची वाक्ये पुनःपुन्हा येतात, हे खरे. परंतु याच विवरणात त्या काळच्या समाजातील हीन-उच्च कल्पनांची एक सूचीच हाती लागते. हीन जाती पाच दिल्या आहेत : चंडाल, वेन, नेसाद, रथकार आणि पुक्कुस. हीन कर्मांत कोठारातले काम आणि निर्माल्य टाकण्याचे काम येते. हीन शिल्पांत बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार आणि न्हावी. तर उच्च शिल्पांत मुद्रा, गणना आणि लेखन. लेखन उच्च! म्हणजे आजच्या पत्रकारांचे आणि जाहिरात लिहिणाऱ्यांचे शिल्प या सूचीत वरच्या पंक्तीला बसलेले आहे. व्याधींतही उच्च-नीच होते. कुष्ठ, गंड, क्षय, अपस्मार या हीन व्याधी, आणि मधुमेह ही उच्च व्याधी. खात्यापित्या घरचा आजार म्हणून त्याला हा मान मिळाला असावा. शरीरवर्णनात तर अति काळेपणाबरोबर अति गोरेपणाही हीन मानला आहे. गोरेपणाचे मलम १९७५ पासून विकत राहिलेल्या आणि २०२० साली त्याच्या नावातला 'फेअर' हा शब्द काढून टाकणाऱ्या देशाने हे वाचून विचारात पडावयास हरकत नाही.

एक बारकावा येथे विशेष ध्यानात घेतला पाहिजे. नाव, गोत्र, कर्म आणि शिल्प यांची उदाहरणे दिल्यावर विवरणकार एक पुस्ती जोडतो : किंवा त्या त्या जनपदात जे जे तुच्छ लेखले जाते, ते ते. म्हणजे हीनत्व वस्तूत नाही, त्या त्या मुलखातल्या लोकांच्या नजरेत आहे. याचा सर्वांत गमतीदार पुरावा गोत्रांच्या सूचीत सापडतो. तेथे भारद्वाज हे गोत्र हीन म्हणून नोंदले आहे. आज कोणी भारद्वाजगोत्री गृहस्थ ते मान्य करणार नाही, आणि त्याने करू नये. मुद्दा एवढाच, की नियम घालणाऱ्याने समाजाची उतरंड मान्य केलेली नाही. ती अस्तित्वात आहे आणि तिचा शस्त्रासारखा उपयोग होतो, एवढे त्याने नोंदविले आहे.

या शस्त्राच्या वापराचे प्रकारही विवरणाने वेगवेगळे केले आहेत. हिणविण्याच्या, तुच्छ लेखण्याच्या, खजील करण्याच्या इच्छेने दुसऱ्या भिक्खूला तोंडावर बोलले तर पाचित्तिय. शब्द हीनच असला पाहिजे असे नाही. चंडालकुळातल्याला त्याच इच्छेने क्षत्रिय किंवा ब्राह्मण म्हणून हाक मारली, तरी दोष तोच. उपरोधाची ही ओळख मला फार आधुनिक वाटते. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांना 'सरकारचे जावई' म्हणण्याची जी रीत आपल्याकडे कार्यालयांतून आणि वर्तमानपत्री विनोदांतून रूढ झाली, तिच्यात एकही हलका शब्द नाही. जावई हे तर मानाचे नाते. तथापि विवरणकाराला ते फसवू शकले नसते.

दुसरा प्रकार आडून बोलण्याचा. येथे काही जण चंडाल आहेत, असे कोणाचेही नाव न घेता म्हणणे. हे लोक बहुधा ते असावेत, असा तर्क लढविणे. आम्ही काही चंडाल नव्हे, असे स्वतःविषयी म्हणणे. या तिन्ही प्रकारांना दुक्कट आपत्ती सांगितली आहे. मराठी वृत्तपत्रांच्या वधूवर-सूचक जाहिरातींत 'एस.सी., एस.टी. क्षमस्व' हे शब्द आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. त्यात कोणाचे नाव नाही, शिवी नाही, उलट क्षमायाचना आहे. शहरांतील भाड्याच्या घरांच्या जाहिरातींतील 'फक्त शाकाहारी' हे शब्दही याच जातीचे. आम्ही ते नव्हे, एवढेच ते सांगतात. असल्या बोलण्याला दोषाच्या कक्षेत आणणारा नियम जगातल्या किती प्राचीन संहितांत सापडेल, याचा तौलनिक अभ्यास व्हावयास हवा.

आणि तिसरा प्रकार दवकम्यतेचा. हिणविण्याची इच्छा नाही, खजील करण्याची इच्छा नाही, नुसती थट्टा आहे. अशा वेळी 'दुब्भासित' ही आपत्ती होते. आपत्तींच्या वर्गांत ही सर्वांत हलकी, आणि विभंगात ती केवळ याच शिक्षापदाच्या संदर्भात येते. म्हणजे थट्टेला फासावर चढविलेले नाही. परंतु थट्टा होती म्हणून दोषच नाही, ही पळवाटही ठेवलेली नाही. झोमॅटोच्या खुलाशाला विनयधराचे उत्तर यापेक्षा वेगळे झाले नसते : हेतू वाईट नव्हता हे ऐकले, म्हणूनच हा पाचित्तिय नव्हे, दुब्भासित आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. विनय भिक्खूंसाठी आहे. कंपन्या, नट आणि संपादक यांना तो लागू नाही. हे खरेच आहे, आणि तो लागू करा असे माझे म्हणणे नाही. विनयाचे महत्त्व येथे पुराव्याचे आहे. अवहेलना कशी केली जाते, याचे इतके सूक्ष्म वर्गीकरण ज्या परंपरेने केले, तिच्या वारसांनी आजची अवहेलना मोजताना परक्या मापांवरच का विसंबावे, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तापूर्ण आहे. नामसिद्धि जातकात पापक नावाचा शिष्य चांगले नाव शोधावयास बाहेर पडतो. त्याला जीवक नावाचा माणूस मेलेला दिसतो, धनपाली नावाची दासी दरिद्री आढळते, पंथक नावाचा प्रवासी वाट चुकलेला भेटतो. नाव ही केवळ ओळखण्याची खूण, असे समजून तो परत येतो. मग कचरा या नावाने एवढे व्याकूळ का व्हावे? उत्तर असे, की जातक ज्याला नाव आहे त्याच्याशी बोलते, आणि विनय जो हाक मारतो त्याच्याशी. पापकाने आपल्या नावाचे ओझे वाटून घेऊ नये हे ठीक. त्यावरून इतरांना त्याला पापक म्हणून हसण्याचा परवाना मिळत नाही. या दोहोंच्या मधला दुवा कालकण्णि जातकात आहे. अनाथपिंडिकाच्या बालमित्राचे नाव कालकण्णी, म्हणजे करंटा, अवलक्षणी. घरात दिवसभर हे नाव ऐकू येणे अशुभ, तेव्हा त्याला काढून टाका, असा नातलगांनी आग्रह धरला. अनाथपिंडिकाने तो मानला नाही. पुढे तो परगावी असताना चोर आले, आणि याच कालकण्णीने युक्तीने गलका करून घर वाचविले. आमच्या खेड्यांतून कचरू, धोंडू, दगडू अशी नावे मूल जगावे म्हणून सर्वच जातींत ठेवली जात, हे सांगून 'लगान'च्या पात्राचे समर्थन करणारे भेटतात. पण त्या चित्रपटात हे नाव मूल जगावे म्हणून आलेले नाही. जात कळावी म्हणून आलेले आहे. शूद्राचे नाव जुगुप्सा व्यक्त करणारे असावे, हा दंडक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पटकथाकाराने तो वाचला असेल असे नाही. असले दंडक न वाचताही पाळले जातात.

त्या पात्राची घडण पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. दहा आक्रोश-वस्तूंपैकी जात, नाव आणि शरीरव्यंग या तीन एकाच भूमिकेत एकवटल्या आहेत. त्याचा हात अधू आहे, आणि त्या अधूपणामुळेच चेंडू वळतो. कौशल्य त्याचे नाही, व्यंगाचे आहे. त्याला संघात घ्यावे की नाही याविषयी भुवन भाषण करतो, गावकरी वाद घालतात, शेवटी हृदयपरिवर्तन होते. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो गप्प. चित्रपट सद्हेतूने केलेला आहे, यात शंका नाही. जाहिरातीने त्याच्या सद्हेतूचा तेवढा भाग गाळला आणि उरलेला साचा उचलला.

याउलट थेरगाथेतला सुनीत पाहा. तो पुप्फछड्डक होता, म्हणजे निर्माल्य व केरकचरा उचलणारा. वर सांगितलेल्या हीन कर्मांतले कर्म करणारा. भगवंतांनी त्याला 'ये भिक्खू' म्हणून संघात घेतले. पण त्याची हकीकत दुसरा कोणी सांगत नाही. नीच कुळात जन्म, दारिद्र्य, लोकांची घृणा, वाकून वावरणे, आणि मग ती भेट, हे सर्व बारा गाथांमध्ये तो स्वतः प्रथमपुरुषी सांगतो. सुनीत आणि कचरा यांच्यात एवढे अंतर आहे. दोघांचेही काम केराचे. एकाला वाणी आहे.

पालि वाङ्मय या बाबतीत सर्वस्वी निर्दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या व्याख्यानमालांतून तसे ध्वनित केले जाते. ते शास्त्रीय नव्हे. चित्तसंभूत जातकात उज्जेनीचे दोन चंडाल भाऊ श्रेष्ठिकन्या व पुरोहितकन्येच्या दृष्टीस पडतात, त्या डोळे धुऊन परत फिरतात, आणि मेजवानी हुकलेला जमाव त्या भावांना बडवतो. येथे कथेची सहानुभूती भावांकडे आहे. पण ते ब्राह्मणवेषाने तक्कसिलेला शिकावयास गेल्यावर त्यांचे बिंग फुटते ते भाषेवरून. तोंड भाजले असता अनवधानाने चंडालबोलीतले शब्द बाहेर पडतात आणि सारी पंगत त्यांना ओळखते. बोलीवरून माणूस पकडण्याची ही युक्ती आमच्या नाटक-चित्रपटांनी पुढे किती वापरली, हे सांगावयास नको. सतधम्म जातकात तर चंडालाचे उष्टे खाल्ल्यामुळे लाजेने मरणाऱ्या ब्राह्मणाची उपमा भिक्खूच्या अशुद्ध उपजीविकेला दिली आहे. उपमेचे तात्पर्य वेगळे असले, तरी उपमा चालते ती श्रोत्यांच्या मनातल्या विटाळाच्या कल्पनेवर. ज्या समाजात धम्म सांगितला गेला, त्याच्या भाषेतला मळ सांगणाऱ्यांच्या कथांतही उतरला.

मग चक्र फिरले, आणि ज्यांनी ओमसवादाचा नियम केला तेच थट्टेचा विषय झाले. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात पल्लव राजा महेंद्रवर्मा याने 'मत्तविलास' हे प्रहसन लिहिले. त्यात कांचीतला नागसेन नावाचा शाक्यभिक्षू आहे. उत्तम जेवण, मऊ शय्या, प्रशस्त निवास यांची परवानगी देणाऱ्या बुद्धाने स्त्री आणि मद्य तेवढे का नाकारले असेल, असे त्याला कोडे पडते. वृद्ध स्थविरांनी मूळ ग्रंथ दडवून ठेवला असावा असा त्याचा संशय. कापालिकाचे हरवलेले कपाल यानेच चोरले असा आळ त्याच्यावर येतो. वस्तुतः ते कुत्र्याने पळविलेले असते. नाटककाराने कापालिक आणि पाशुपत यांनाही सोडलेले नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. अकराव्या शतकातील कृष्णमिश्राच्या 'प्रबोधचंद्रोदया'त मात्र तो समतोल राहिला नाही. तेथे बौद्ध भिक्षू आणि क्षपणक हे पाखंडाचे मूर्तिमंत नमुने म्हणूनच रंगमंचावर येतात आणि कापालिकेच्या मिठीत विरघळतात. त्याआधीच्या 'मृच्छकटिका'त चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. भिक्षू झालेला संवाहक शकाराचा मार खातो. चारुदत्तासारखा सज्जनही श्रमणाचे दर्शन अशुभ मानून वाट बदलतो. आणि तरीही वसंतसेनेचा जीव वाचविणारा तोच भिक्षू अखेरीस सर्व विहारांचा प्रमुख नेमला जातो. समाजात रुळलेला साचा आणि त्या साच्याला न जुमानणारे कथानक, दोन्ही शूद्रकाने एकाच नाटकात ठेवली.

नाटके बंद पडतात, शब्द राहतात. सम्राट अशोकाने 'पासंड' हा शब्द सर्व पंथांसाठी, आपल्या आणि परक्याही, सारख्याच आदराने वापरला. गिरनारचा बारावा शिलालेख त्याची साक्ष आहे. त्याच शब्दाचा आज मराठीत पाखंड झाला आहे. अशोकाची स्वतःची उपाधी 'देवानांपिय'. तिचे संस्कृत रूप पाणिनीय परंपरेत कात्यायनाच्या वार्त्तिकात केवळ समासाचे उदाहरण म्हणून येते; सतराव्या शतकातील भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धांतकौमुदीपर्यंत पोहोचताना तिला 'मूर्ख' हा अर्थ जडलेला असतो. एका सम्राटाची पदवी शिवी कशी होते, यामागे कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. ज्यांच्या हाती लेखनाचे उच्च शिल्प असते, त्यांच्या थट्टा कोशात जातात, एवढेच दिसते.

छापखाना आल्यावर हे शिल्प वृत्तपत्रांकडे गेले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, ही हकीकत धनंजय कीरांच्या चरित्रामुळे सर्वज्ञात आहे. येथे जाहिरातीने कोणाची विकृत प्रतिमा रंगविली नाही; जाहिरातच नाकारली. अवहेलनेचा हा प्रकार विवरणकाराच्या यादीत नाही, कारण त्याच्या जगात बोलण्याचे साधन कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. अखिल भारतीय वृत्तसंस्थांतून अस्पृश्यांच्या बातम्यांना जागा मिळत नाही आणि त्यांना स्वतःचे वृत्तपत्र चालविणे कठीण, ही तक्रार बाबासाहेबांनी पुढील अडीच दशके वारंवार मांडली. 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही पत्रे त्या तक्रारीचे कृतिशील उत्तर होती.

व्यंगचित्रांचा प्रश्न या संदर्भात टाळता येणार नाही. २८ ऑगस्ट १९४९ रोजीचे शंकर यांचे एक व्यंगचित्र २००६ पासून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात छापले जात होते. राज्यघटनेच्या गोगलगायीवर बाबासाहेब चाबूक घेऊन बसलेले, आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. मे २०१२ मध्ये संसदेत त्यावर गदारोळ झाला, पुस्तकाचे दोन प्रमुख सल्लागार राजीनामा देऊन बाहेर पडले, त्यांपैकी एकाच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड निंद्यच होती. पण त्या गोंधळात मूळ प्रश्न बुडाला. चाबूक आणि पाठ यांचा संबंध ज्या समाजाच्या आठवणीत विनोदाचा नाही, त्या समाजातले मूल वर्गात बसलेले असते, तेव्हा ते चित्र काय बोलते? शंकर यांचा हेतू राज्यघटनेच्या संथ गतीवर टीका करण्याचा होता, हे मान्य. पुढे उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातील इंग्रजी वृत्तपत्रांतील बाबासाहेबांवरील व्यंगचित्रे संकलित केली. तो संग्रह २०१९ साली प्रसिद्ध झाला. तो चाळताना एकेका चित्राचा हेतू गौण ठरतो आणि साचा दिसू लागतो. एकेक थट्टा दुब्भासित असते. तिच्या राशीचे काय करावयाचे, हे मात्र विभंगात सांगितलेले नाही.

धम्मदीक्षेनंतर नामकरणाचा नवा अध्याय सुरू झाला. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. एका दशकात एवढे मोठे परिवर्तन घडल्यावर त्याला काही नाव देणे भागच होते, आणि वृत्तपत्रांनी व शासनाने 'नवबौद्ध' हे नाव दिले. बाबासाहेबांनी स्वतः १३ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या पत्रकार परिषदेत 'नवयान' हा शब्द वापरला होता, असे या शब्दाचे समर्थक सांगतात. ते बरोबर आहे. पण 'नव' हे विशेषण तेथे यानाला होते, माणसाला नव्हते. साठ-सत्तर वर्षे उलटून गेल्यावर, ज्याचा आजाही बौद्ध म्हणून वारला, त्याला नवबौद्ध म्हणणे हे कालवाचक विशेषण राहत नाही; ते जातिवाचक होते. जनपदाच्या नजरेत जे तुच्छ ते हीन, या कसोटीने पाहावे. लडाखच्या बौद्धाला कोणी जुनाबौद्ध म्हणत नाही, आणि परदेशात ध्यान शिकून आलेल्या उच्चवर्णीयाला नवबौद्ध म्हणत नाही. शब्द कोणासाठी राखून ठेवलेला आहे, हे त्यावरून उमगते. शासनाच्या योजनांच्या शीर्षकांत 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हा जोडशब्द इतका रुळला आहे, की आमच्याच संस्थांच्या अर्जांतूनही तो निमूटपणे भरला जातो.

बातम्यांतील साचाही याच काळात पक्का झाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. दीर्घकाळ मुंबईच्या वृत्तपत्रांतील त्या दिवसाची बातमी रेल्वेतली गर्दी, वाहतुकीची कोंडी आणि शिवाजी पार्कची अस्वच्छता यांच्याभोवती फिरत राहिली. त्याच मैदानावर पुस्तकांच्या दुकानांपुढे उभ्या राहणाऱ्या रांगांची, खेड्यातून आलेल्या मजुराने घेतलेल्या ग्रंथांची बातमी फार उशिरा आणि थोडकी आली. खैरलांजीच्या २९ सप्टेंबर २००६ च्या हत्याकांडात एकाच बौद्ध कुटुंबातील चार जण मारले गेले. आरंभीच्या बातम्यांत त्याला अनैतिक संबंधांचे कारण चिकटविले गेले. तेथे थट्टा नव्हती. पण साचा तयार असला म्हणजे वार्ताहराला चौकशीचे श्रम वाचतात.

गंमत अशी, की याच काळात बुद्धाची प्रतिमा मात्र बाजारात चांगलीच स्थिरावली. मिटलेले डोळे आणि मंद स्मित असलेले शिर उपाहारगृहांत, सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत, सदनिकांच्या जाहिरातींत शांततेची हमी म्हणून ठेवले जाते. बुद्ध विकला जातो. बौद्ध शेजारी चालत नाही. शिर धडापासून वेगळे करून टेबलावर ठेवण्याच्या या प्रथेविषयी मूर्तिशास्त्राच्या अंगाने वेगळे लिहावे लागेल.

सुदैवाने उलट दिशेच्याही नोंदी आहेत. ओमसवादाच्या नियमात जे अनापत्तीचे प्रसंग सांगितले आहेत, त्यांत अर्थाकडे, धर्माकडे किंवा अनुशासनाकडे दृष्टी ठेवून बोलणारा निर्दोष ठरतो. म्हणजे शब्द निषिद्ध नाहीत. त्यांचा विनियोग तपासला जातो. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाचे शीर्षकच कैकाडी भाषेतला डुकरासाठीचा शब्द आहे आणि पडद्यावर ती हाक जब्याला शिवी म्हणून येते. तरी तेथे प्रेक्षकाला हसू फुटत नाही. अखेरीस भिरकावलेला दगड हसणाऱ्यांकडेच येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे कचऱ्याच्या जाहिरातीनंतर अवघ्या दोन महिन्यांनी, 'मेड इन हेवन' या मालिकेत नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेल्या भागात एका सुशिक्षित तरुणीचा बौद्ध पद्धतीचा विवाह दाखविला गेला. पांढरी वस्त्रे, बाबासाहेबांची तसबीर, त्रिसरण. लाखो घरांत नित्य घडणारी गोष्ट व्यावसायिक पडद्यावर एवढ्या उशिरा यावी याचे नवल वाटते, पण ती थट्टेचा विषय न होता आली.

नावाचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. ७ ऑगस्ट २०१८ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना 'दलित' हा शब्द टाळून 'अनुसूचित जाती' वापरण्याची सूचना केली. त्यामागे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा त्याच वर्षीचा आदेश होता. काहींनी तिचे स्वागत केले, काहींनी स्वतः निवडलेले नाव काढून घेतले जात असल्याची हरकत घेतली. दोन्ही बाजूंना आमच्याच समाजातली माणसे होती. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. पण त्यांसाठीच्या प्रमाणपत्रावर धर्मांतरापूर्वीची जात लिहावी लागते. म्हणजे ज्या नावातून बाहेर पडण्यासाठी दीक्षा घेतली, त्याच नावाच्या दाराने हक्क मिळतो. १९९३ पासून बौद्ध हे राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणूनही अधिसूचित आहेत. त्या दाराने गेल्यास जात विचारली जात नाही, पण त्या सवलतीही नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या ६५,३१,२०० होती. १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक असलेल्या जनगणनेत जातींचीही नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला, आणि तेव्हापासून विहाराविहारांतून एकाच प्रश्नावर सभा भरत आहेत : धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिल्यावर जातीच्या रकान्यात काय लिहावयाचे. गेल्या पौर्णिमेला आमच्या विहारात दोन तास चर्चा झाली. वृद्ध उपासकांचे एक मत, नोकरीच्या अर्जांवर बसलेल्या मुलांचे दुसरे. ठराव पुढच्या बैठकीवर गेला आहे.